लाज फोटोत उतरते

इंदूरच्या बाजारांत, विशेषतः रात्री खाण्याचे ठेले लागतात त्या सराफ्यात, फोटो काढू पाहणारी नवीन कॅमेऱ्याची मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. एक मोठ्याने, 'ताई, सराफ्यात रात्री सेटिंग काय ठेवू?' आणि दुसरा आवाज खाली आणून, 'लोक बघतात हो, कसंतरीच होतं.' माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीतच. दुसरा सुटत नाही तोवर पहिल्याचं उत्तर देऊन काही उपयोग नाही.

लाजत काढलेल्या फोटोची सेटिंग उघडून बघा. ५५-२५० मिमीची झूम लेन्स पार २५० पर्यंत ताणलेली, कारण जवळ जायचं धाडस होत नाही. त्या टोकाला ही लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० वर, तरी शटर १/६० सेकंदावरच अडकलेलं, आणि एवढी लांब लेन्स हातात धरून १/६० म्हणजे फोटो हललाच म्हणून समजा. त्यात क्लिकचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे बाजारातले बरेचसे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला ते कळत नाही एवढंच. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, ओळीओळीने वाचतं, आणि जलेबीच्या कढईवर आडवे काळे पट्टे उमटतात. मग लोक म्हणतात, कॅमेरा बिघडला. कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं. लपायची धडपड फोटोत उतरलेली असते.

त्याच ठेल्यासमोर ३५ किंवा ५० ची प्राइम (झूम नसलेली, जास्त उघडणारी लेन्स) लावून दोन पावलं पुढे जा. एफ २, शटर १/१००, आयएसओ १६०० च्या आसपास. शटर दिव्याच्या लयीत आल्याने पट्टे गेले, जास्त आयएसओमुळे येणारे दाणेही कमी, आणि जलेबी तळणाऱ्याचा चेहरा मिळाला. हवेत उडवलेला दहीवडा गोठवायचा असेल तर १/५०० लागेल, तेव्हा आयएसओ खुशाल वाढवा. हे सगळं घरून निघतानाच ठरवून घ्या. 'मॅन्युअलवर (सगळं स्वतः ठरवून) काढलास का?' असं विचारून नवख्यांना घाबरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ए मोड (एफ आपण ठरवायचा, शटर कॅमेऱ्याने) आणि ऑटो आयएसओ यात कमीपणा कसला? भर बाजारात मान खाली घालून डायल फिरवत बसलं की आपण गोंधळतो, आणि समोरच्यालाही आपला संशय येतो. मान वर असेल तर नजरानजर होते, हसता येतं, 'भैया, एक फोटो ले लूँ?' विचारता येतं. 'नहीं' आलं तर कॅमेरा खाली. तिथे हुज्जत नको आणि चोरून तर मुळीच नको.

आपल्या इंदूरला तर असे उघडपणे फोटो काढायचा मोठा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो इथेच. इंदूरचे महाराज दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय होता. पुढे ते हैदराबादला निजामाच्या दरबारी गेले. त्या काळच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथेच धुवायचा. म्हणजे तिकाटणं, काळं कापड, रसायनाच्या बाटल्या, अंधारा तंबू असा सगळा संसार उघड्यावर मांडावा लागे. लपायची सोयच नव्हती. त्या पिढीच्या फोटोंमधली माणसं सरळ लेन्सकडे बघतात, आणि मला ती नजर फार आवडते. आपला फोटो निघतोय हे त्यांना ठाऊक होतं.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कितीतरी कॅमेरे दिसतात आणि तिथे कुणीच लाजत नाही. बिचकायला होतं ते आपण एकटे असतो तेव्हा.

बायका-मुलींसाठी मात्र हे एवढं सोपं नाही, आणि 'सवय होईल' असं म्हणून मी त्यांची बोळवण करणार नाही. आपल्याकडे बघणाऱ्या काही नजरा नुसत्या कुतूहलाच्या नसतात. तिथून निघून जाणं हाच शहाणपणा, फोटो गेला तर गेला. बाकी वेळी मी जे करते ते सांगते: सकाळी जाते, शक्यतो दोघी मिळून, आणि एकच जागा धरून बराच वेळ उभी राहते. फिरत राहिलं की प्रत्येक वळणावर नवे डोळे भेटतात. एका जागी राहिलं की फुलवाल्या मावशी आधी निरखून बघतात, मग कुठल्या म्हणून विचारतात, आणि थोड्या वेळाने त्यांना गिऱ्हाईक महत्त्वाचं होतं. खरे फोटो तिथून पुढे सुरू होतात. पुढच्या वेळी त्यांचा प्रिंट काढून नेऊन द्या. ४ बाय ६ चा पुरतो. तो बघायला शेजारच्या दुकानातली माणसंही गोळा होतात आणि आमचाही काढा म्हणतात.

येत्या रविवारी सकाळी सातला मी कृष्णपुरा छत्र्यांपाशी असेन. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स चालेल, मोबाइलही चालेल. एकटीने यायला संकोच वाटत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, वाटेत घ्यायला येईन.