वहीवर सही कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्याकडं फ्यूजबॉक्स बदलायला वायरमनबरोबर एक पोरगा आला. १७ वर्षांचा, नुकती मिसरूड फुटलेली. जर्मनीत स्टुटगार्टला येऊन मला ११ वर्षं झाली, तरी दारात आलेल्या कारागिराला चहा विचारायची खोड गेलेली नाही. पोरानं चहा घेतला आणि पिशवीतून वही काढून लिहायला बसला: आज काय केलं, किती वेळ लागला. इथं 'आउसबिल्डुंग', म्हणजे कामावर राहून धंद्याचं शिक्षण, करणाऱ्या प्रत्येकाला अशी वही ठेवावी लागते. उस्ताद ती तपासून सही करतो. वही अपुरी असेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.

त्याच आठवड्यात कराडहून ताईचा फोन आला. भाचा बी.कॉम. झालाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात लागला होता. पदवीधराला महिना १०,०००, आयटीआयवाल्याला ८,०००, बारावीला ६,०००. मुदत आधी ६ महिने, मग ११. आता ती संपली, आणि 'आम्हाला कायम करा' म्हणून पोरं आंदोलनाला बसताहेत.

"काय शिकलास रे?"

"झेरॉक्स काढल्या मावशी. आवक-जावक लिहिलं."

त्याचा एक मित्र साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागला होता, तो मात्र खरंच काही शिकला म्हणे. म्हणजे सगळं नशिबावर.

तिकडं भांडण रकमेवरून चाललंय. एक म्हणतो रेवडी, दुसरा म्हणतो वाढवा. इथं तरी कुठं खिरापत आहे? २०२५ साली प्रशिक्षण सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्यानं महिना किमान ६८२ युरो. स्टुटगार्टात खोलीच्या भाड्यातच संपतील. पण त्या पोराची साडेतीन वर्षं ठरलेली आहेत, आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा आहे आणि परीक्षा मालक नव्हे, चेंबर, म्हणजे व्यावसायिकांची अधिकृत संस्था, घेतं. तो कागद देशभर चालतो. पुढं 'माइस्टर', म्हणजे परीक्षा दिलेला उस्ताद, झाला की देशाच्या पात्रतेच्या चौकटीत पदवीधराच्या पायरीवर बसतो.

इथलं सगळंच सोन्याचं आहे असं नाही. चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. १० वर्षांच्या पोराचं भवितव्य कुणी ठरवतं का? आणि आमच्या गावच्या वायरमनचा ३० वर्षांचा हात इथं कागदाअभावी दुकानसुद्धा टाकू शकला नसता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, १०,००० कुशल तरुण इकडं पाठवायचे. तेव्हापासून प्रत्येक नातेवाइकाला वाटतं, मी विमानतळावर हार घेऊन उभी आहे. माणसं जरूर पाठवा. पण ती वही तिकडं न्यायला कुणाचा करार लागतो? आपला अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, इथला व्यवसाय-प्रशिक्षणाचा केंद्रीय कायदा १९६९ चा. कायद्यात आपण आठ वर्षं पुढंच होतो.

भाच्याला वहीचं सांगितलं. म्हटलं, तू काय लिहिलं असतंस?

तो हसला. "पहिला आठवडा नीट लिहिला असता मावशी. नंतर रोज, वरीलप्रमाणे."