प्रेक्षकाला रडवण्याची एवढी घाई कशाला?

आज दुपारी एक नवा चित्रपट पाहून आले आणि अजून चीड गेलेली नाही. भाऊ गेल्याची बातमी बहिणीला फोनवर कळते, असा प्रसंग होता. अभिनेत्रीने तो विलक्षण संयमाने पेलला होता. तिने फोन कानापासून दूर केला आणि तसाच मुठीत घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात व्हायोलिनांचा लोंढा आला, दृश्य स्लो मोशनमध्ये गेले आणि थोड्या वेळापूर्वीच पाहिलेले त्या दोघांचे बालपण फ्लॅशबॅकमध्ये पुन्हा दाखवले गेले. एवढ्यात आम्ही ते विसरलो होतो का?

माझे धाकटे काका गेले तेव्हा वडील टेबलाशी काहीतरी लिहीत होते. फोन खाली ठेवल्यावर त्यांनी उघड्या पेनला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. मी दारात उभी होते आणि कोणी काही सांगण्याआधीच मला सारे कळले. चित्रपटाची माझी कसोटी तेव्हापासून एकच आहे: त्या टोपणाकडे पाहण्याइतकी उसंत दिग्दर्शकापाशी आहे का? पटकथेतल्या त्रुटी मी पोटात घालते, शेवट आधी ओळखता आला तरी माझी तक्रार नसते. पण मला काय वाटावे हे कोणी दरडावून सांगू लागले की मी त्या चित्रपटातून मनाने उठून जाते.

रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभर वर्षांपूर्वी एकाच नटाचा निर्विकार चेहरा कधी सूपच्या भांड्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांनी त्यात भूक आणि शोक आपापले वाचले. प्रेक्षकाला एवढे जमते हे तेव्हापासून ठाऊक असताना त्याला आज बाळबोध का समजावे?

संगीताला माझा विरोध नाही आणि धाय मोकलून रडणारा चित्रपटही उत्तम असू शकतो, हे मान्य. ‘पथेर पांचाली’त (१९५५) लेक दुर्गा गेल्याचे माहीत नसलेला हरिहर तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो आणि त्याची बायको सर्बजया हिचा बांध फुटतो, तेव्हा सत्यजित राय यांनी तिचा आक्रोश ऐकूच येऊ दिला नाही, त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा स्वर ठेवला. तो आक्रोश आपल्याला मनातल्या मनात ऐकावा लागतो, म्हणूनच तो इतका आत जातो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. प्रेक्षक कंटाळेल, मोबाइल काढेल, ही दिग्दर्शकाची धास्ती मी समजू शकते. पण वडिलांच्या हातातले ते टोपण पाहताना मला दुसरे काहीही दिसत नव्हते.

त्या अभिनेत्रीचे मात्र मनापासून कौतुक. तुमच्यापैकी कोणी हा चित्रपट पाहणार असाल, तर व्हायोलिने सुरू होण्याआधीचे ते मोजके क्षण नीट पाहा. संकलकाने ते आणखी थोडे लांबू दिले असते, तर आजची ही पोस्ट मी आनंदाने, केवळ स्तुतीसाठी लिहिली असती.