कंपनीनं मला हिरवा ठरवलं

एचआरची मेल आली की सगळ्यांनी व्यक्तिमत्त्व चाचणी भरायची, शुक्रवारपर्यंत. ठळक अक्षरात लिहिलेलं, यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नसतं. त्याच्या खाली आणखी ठळक, जो भरणार नाही त्याचं अप्रेझल थांबेल. आता मे महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत, पारा ४५ च्या पुढे आणि कूलर नुसता घरघरतोय, तेव्हा सगळ्या स्टाफचं व्यक्तिमत्त्व एकच असतं, चिडकं. ते शोधायला पोर्टल कशाला लागतं काय माहीत.

तरी घरी येऊन बसलो मोबाईल घेऊन. पहिलाच प्रश्न, 'पार्टीत अनोळखी लोकांना भेटून तुम्हाला ऊर्जा मिळते का?' आमच्याकडची पार्टी म्हणजे हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, भरीत आणि कळण्याची भाकरी हाणायची, आणि तिथं अनोळखी माणूस टिकतच नाही हो, पहिला घास संपेपर्यंत तो आपल्या मावशीच्या दिराचा साडू निघतो. 'काही अंशी सहमत' दाबलं आणि पुढे गेलो.

पुढे मात्र गाडी घसरली. लहानपणी वडिलांची भीती वाटायची का? रात्री विचारांनी झोप लागत नाही असं होतं का? कधीकधी सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं का? आता याला खरं उत्तर दिलं तर अप्रेझलचं वाटोळं, आणि खोटं दिलं तर तोच प्रश्न थोड्या वेळानं कपडे बदलून परत हजर, तिथं उत्तर फिरलं की म्हणे रिपोर्टवर 'उत्तरांत सातत्य नाही' असं येतं. बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "तुमच्या वडिलांचं त्यांना काय करायचंय? चटया विकता ना तुम्ही?"

तर हो, चटयाच. प्लास्टिकच्या. माझं काम वसुलीचं. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, दर महिन्याला डीलरच्या दुकानात जाऊन बसायचं, चहा प्यायचा, त्याच्या पोराच्या शिक्षणाची, कापसाच्या भावाची चौकशी करायची आणि चेक घेतल्याशिवाय उठायचं नाही.

एचआरच्या मॅडम पुण्याहून आलेल्या, बोलायला गोड. त्यांना विचारलं, हे वाचणार कोण? म्हणाल्या, "सर, टोटली कॉन्फिडेन्शियल. फक्त तुमच्या डेव्हलपमेंटसाठी." आणि पुढच्या आठवड्यात टीम बिल्डिंगच्या नावाखाली सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि भिंतीवर प्रोजेक्टरनं सगळ्यांचे रंग. नावासकट. लाल म्हणजे दणकट, पिवळा म्हणजे बोलका, निळा म्हणजे हिशेबी, हिरवा म्हणजे शांत, भांडण टाळणारा. मी हिरवा. अकाउंट्सचे नाना लाल निघाले, ते एवढे घाबरले की दिवसभर कोणाशी मोठ्यानं बोलले नाहीत.

रिपोर्टातलं वर्णन वाचून मात्र सगळे खूश, 'अरे एकदम बरोबर लिहिलंय!' मी नानांचा आणि माझा रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून बघितला तर निम्मी वाक्यं सारखीच, रंग तेवढा वेगळा. ही युक्ती जुनी आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाला 'हा खास तुझा रिपोर्ट' म्हणून कागद दिला, आणि पोरांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. कागद सगळ्यांना एकच होता, त्यातला मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. आणि माणसांचे चार प्रकार पाडणाऱ्या त्या 'डिस्क' टेस्टा आहेत ना, त्या ज्याच्या १९२८ च्या पुस्तकावरून निघाल्या तो विल्यम मार्स्टन म्हणजे वंडर वुमनचा जन्मदाता. कॉमिक्समधली ती. ती निदान लोकांना दोरीत बांधून खरं बोलायला लावते, अप्रेझलची भीती दाखवत नाही.

तरी टेस्ट फालतू आहे यावर माझं भांडण नाही, फालतू गोष्टी आपण रोजच करतो. चौकशीचंही वावडं नाही. खान्देशात सोयरीक जमवायची तर पोराची चौकशी पार दूधवाल्यापर्यंत जाते, दारू पितो का, कर्ज किती, आईचं ऐकतो का बायकोचं ऐकेल. पण ती करणारा मामा समोर बसून शेवभाजी खातो, त्याचं नाव गाव माहीत असतं, आणि आपला काका गुपचूप जाऊन त्याच्या घरची कुंडली काढून येतो. पोर्टलची कुंडली कोण काढणार?

आणि त्या रंगांचं पुढे काय होतं ते लगेच दिसलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही ग्रीन आहात, वसुली तुम्हाला नाही झेपायची, ती रेडवाल्याला देऊ." रेडवाला म्हणजे डिस्पॅचचा पोरगा, शहाद्याला पहिल्याच फेरीत डीलरवर ओरडून आला. तो डीलर आता फोन उचलत नाही, कोणाचाच.

मग मी मेल लिहिली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काढला, त्यात संमती मोकळी हवी, विनाअट हवी, कशासाठी घेताय ते सांगून हवी असं लिहिलंय. अर्थात त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही डेटा वापरायची फट आहे, पुढच्या दारानं हाकललेला पाव्हणा मागच्या दारानं आत, पण वडिलांची भीती चटईच्या कोणत्या कारणात बसते ते तरी सांगा म्हटलं. माझी उत्तरं कुठे ठेवलीत, कोणी बघितली, किती वर्षं ठेवणार, पुसणार कधी, सगळं विचारलं. नम्रपणे, पण सगळं.

उत्तर अजून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मात्र वॉचमन आप्पांनी थांबवलं आणि डोळे मिचकावत म्हणाले, "काय भो, तू लाल व्हई गया म्हणे?"

मेल मी फक्त मॅडमना केली होती. वर 'गोपनीय' लिहून.