‘प्लास्टिकला पॉलिश’ या कॉमेंटला माझं उत्तर

मागच्या आठवड्यात कल्चर्ड मार्बलच्या (मार्बलची पावडर आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, ओतून केलेल्या) बेसिनला परत चकाकी आणण्यावर लेख टाकला होता, त्याखाली साताऱ्याच्या एका वाचकांनी मोठी कॉमेंट केलीय. खाली चार ओळीत उत्तर द्यायला बसलो होतो, ते वाढत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका कमी तितका पेपर खरखरीत) घासायला सांगून मी लोकांची बेसिनं खराब करणार, त्यांच्या घरी दर दिवाळीला ॲसिडच्या पाण्याने बाथरूम घासतात आणि बेसिनला आजवर काही झालेलं नाही, स्प्रे कोटिंगच्या वासाबद्दल मी काही लिहिलेलं नाही, आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो: ‘मुळात हे मार्बल नाहीच, प्लास्टिक आहे, प्लास्टिकला पॉलिश करत बसण्यापेक्षा काढून ग्रॅनाइट टाका, उगाच लोकांचा वेळ घालवू नका.’

आधी ४०० नंबरचं. ते तुमचं बरोबर आहे, मान्य. मी लिहिताना पुट्टी भरलेल्या जागेबद्दल लिहीत होतो पण वाक्य असं पडलं की वाचणाऱ्याला वाटावं अख्ख्या बेसिनला ४०० पासून सुरुवात करायची. तसं नाही करायचं. साध्या मळकट, निस्तेज झालेल्या पृष्ठभागाला १००० पासून सुरुवात, पाणी आणि थेंबभर लिक्विड सोप लावून, मग १५००, मग २०००, मग रबिंग कंपाउंड आणि वर वॅक्स. ओरखडा खोल असेल तर तेवढ्याच जागेला ६००. ४०० फक्त भरलेली पुट्टी लेव्हलला आणायला. मूळ लेखात दुरुस्ती केलीय. चूक दाखवली त्याबद्दल आभार.

पण चूक दाखवायची एक पद्धत असते. ‘उगाच लोकांचा वेळ घालवू नका’ हे कोणाला म्हणताय? मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत फायबरच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलीत, त्यातली सहा वर्षं फक्त बेसिनचे टॉप ओतायचं काम केलंय. पुस्तकात वाचून किंवा दोन व्हिडिओ बघून मी लिहिलेलं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रेझिनच्या वासात उभं राहून जे हाताने केलंय ते लिहिलंय, आणि त्याचे पैसे मला कोणी देत नाही, माझं दुकान नाही, मी कोणाचा डीलर नाही.

आता त्या प्लास्टिकच्या वाक्याकडे येतो, कारण खरं सांगायचं तर मला तेच लागलं.

मार्बल टॉप कसा होतो ते तुम्हाला सांगतो. मोल्डला आधी वॅक्स मारायचं, पुसायचं, परत मारायचं, असं चार-पाच वेळा, कारण एक जागा जरी सुटली तर माल मोल्डला चिकटतो आणि दोन्ही वाया. मग त्यावर जेलकोट, म्हणजे वर चकाकणारा रेझिनचा थर, मारायचा, साधारण अर्धा मिलीमीटर, तो बोटाला चिकटतोय पण बोटावर उतरत नाही अशा अवस्थेत आला की मग मागून माल ओतायचा. माल म्हणजे काय, तर मार्बलची पावडर आणि पॉलिस्टर रेझिन, वजनाने बघितलं तर ढोबळमानाने तीन भाग पावडर आणि एक भाग रेझिन. ओतायच्या आधी त्यात काळा किंवा तपकिरी रंग टाकून लाकडी पट्टीने दोन-तीन वेळाच फिरवायचं. जास्त फिरवलं की शिरा मोडतात आणि सगळं राखाडी होतं. कमी फिरवलं की डाग दिसतात. ती शीर कुठे जाणार हे मोल्ड उघडेपर्यंत आम्हालाही कळायचं नाही, कारण चांगली बाजू खाली असते. मग मोल्ड व्हायब्रेटरवर ठेवायचा, बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि हे सगळं माल घट्ट व्हायच्या आत. सकाळी मोल्ड उघडला आणि पांढऱ्या बेसिनवर एक करडी शीर नळाच्या भोकाजवळून वळून खाली उतरलेली दिसली की सगळे हातातलं काम सोडून बघायला यायचे.

म्हणजे त्यात तीन चतुर्थांश दगड आहे. खडी, वाळू, सिमेंट मिळून स्लॅब होतो, त्याला कोणी ‘नुसतं सिमेंट’ म्हणत नाही. हो, वरचा अर्धा मिलीमीटर हा निव्वळ रेझिनचा थर आहे, ते मी लेखातही लिहिलं होतं, आणि म्हणूनच तर त्याला घासून परत चकाकी आणता येते, म्हणूनच नेमकं त्याला जपायचं असतं. तुमच्या साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना, त्यांची पाती काचेच्या धाग्याची आणि रेझिनचीच असतात, वर कोटिंग असतं. पात्याला वारा-पावसाने खरवड आली म्हणून कोणी ‘प्लास्टिक आहे, काढून टाका’ म्हणत नाही, माणसं दोराला लटकून जागेवर दुरुस्त करतात. त्याच जातीचा माल, मग बेसिन झालं की ते लगेच टाकाऊ?

आणि ‘काढून ग्रॅनाइट टाका’ हे लिहायला सोपं आहे हो. काढायचं म्हणजे काय ते बघा. टॉप आणि बेसिन एकसंध ओतलेलं असतं, मध्ये जोड नाही, ते टाइल्सच्या कडेला सिलिकॉनने आणि बऱ्याच ठिकाणी खाली सिमेंटने धरलेलं असतं. काढताना कडेच्या दोन-चार टाइल्स जातातच, आणि जुन्या घरातल्या टाइल्सचा तोच रंग आता बाजारात मिळत नाही, मग भिंतच करा. प्लंबर, मिस्त्री, ग्रॅनाइटवाला, तिघांच्या तीन तारखा. ग्रॅनाइटमध्ये बेसिन खालून लावलं की तिथे जोड आला, जोड आला की सिलिकॉन आलं, सिलिकॉन आलं की काळी बुरशी आली. माझ्या पद्धतीला तीन-चारशे रुपयांचं सामान आणि एक रविवार लागतो. ज्याला ग्रॅनाइट परवडतं त्याने खुशाल टाकावं, पण ज्याला परवडत नाही त्याला तुम्ही त्याच्या घरातल्या चांगल्या वस्तूची लाज वाटायला लावताय, याचा मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा माझ्या आत्याच्या गावभागातल्या घरात पहिला मजला अर्धा बुडाला होता. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तर बाथरूममध्ये बेसिन गाळाने काठोकाठ भरलेलं. शेजारच्या घरी मदतीला आलेल्या पोरांनी तारेच्या घासणीने घासायला सुरुवात केली होती, चांगल्या मनाने केली होती, पण गाळ म्हणजे बारीक वाळूच ती, वाळू आणि तार मिळून त्यांच्या बेसिनची चकाकी एका दुपारात गेली, नंतर त्यावर हात फिरवला तर खडूसारखं लागायचं. आत्याच्या बेसिनला मी हात लावू दिला नाही. आधी नुसतं पाणी ओतत राहिलो, मगाने, गाळ स्वतःहून सुटेपर्यंत, एकही फडका न लावता. मग मऊ फडका आणि लिक्विड सोप. मग मार्करने सगळीकडे बारीक रेषा मारल्या आणि १००० चा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवला, रेषा पुसली गेली की तिथे थांबायचं, पुढे एक हातही जास्त नाही. ही रेषांची युक्ती कारखान्यात आमच्या मिस्त्रींनी शिकवली होती, कारण डोळ्याला कुठे किती घासलं ते कळत नाही आणि जेलकोट फाटला की खालचा भाग उघडा पडतो. तो ओळखायचा कसा, तर थोडं पाणी शिंपडा, फाटलेल्या जागी पाणी मुरतं, डाग गडद दिसतो आणि बाकीचं सुकलं तरी तो सुकत नाही. ते बेसिन आजही आत्या रोज वापरते. तुमच्या हिशोबाने ते काढून टाकायला पाहिजे होतं ना?

ॲसिडचं. वर्षातून एकदा पातळ करून मारता आणि लगेच धुता म्हणून टिकलं, आणि साताऱ्यात कास तलावाचं पाणी येतं तिथे क्षार जमतात तरी किती! इकडे आमच्या विश्रामबागेत बोअरवर असलेल्या बिल्डिंगमध्ये महिन्याभरात नळाखाली पांढरा थर बसतो, तिथे लोक दर आठवड्याला ॲसिड मारतात. जेलकोट शाबूत असेल तोवर थोडंफार सोसतो, पण बारीक तडा असेल तर ॲसिड आत शिरतं आणि आतली मार्बलची पावडर खातं, फेस येतो, आणि तिथून पोकळ होत जातं. पांढरा थर काढायला व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडका भिजवून दहा मिनिटं थरावर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा, तेही तडा नसेल तरच. आणि ड्रेन तुंबला की जी कॉस्टिकची पावडर टाकतात ती तर ॲसिडपेक्षा वाईट, पॉलिस्टरला अल्कली सोसत नाही. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

स्प्रेच्या वासाबद्दल मी लिहिलं नाही म्हणता. शेवटून दुसरा परिच्छेद वाचा. तिथे स्पष्ट आहे की दोन भागांचं पॉलियुरेथेन कोटिंग घरच्या माणसाने बाथरूममध्ये स्प्रे करू नये, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं फुप्फुसाला घातक रसायन असतं, साध्या कापडी मास्कने भागत नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्क घालूनच ते काम करतात. लेख पूर्ण न वाचता ‘लिहिलेलं नाही’ असं लिहायचं हे बरं नाही.

जे मी खरंच लिहायला विसरलो होतो ते तुम्ही विचारलंच नाहीत, ते आता लिहितो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. जेलकोटने तडा भरणार असाल तर तो एक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा कोबाल्ट) आधीच मिसळलेला घ्या, दुकानात विचारून. सुटा कोबाल्ट घरी आणू नका. कोबाल्ट आणि जेलकोटचा हार्डनर (त्याला घट्ट करणारा द्रव) एकमेकांत थेट पडले तर भडका उडतो. आमच्याकडे एका नव्या पोराने हार्डनर मोजलेल्या मगातच कोबाल्ट ओतला होता, आवाज झाला, भांडं उडालं, त्याच्या भुवया जळाल्या, डोळे वाचले ते चष्म्यामुळे. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी नजर जाऊ शकते, त्यामुळे चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. हार्डनरचं प्रमाण दोन टक्के, म्हणजे दहा ग्रॅम जेलकोटला ०.२ ग्रॅम, ड्रॉपरने साधारण पाच-सहा थेंब. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं, थोडंथोडंच कालवा. आणि भरल्यावर वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद दाबून लावा, कारण हवा लागली की वरचा थर चिकट राहतो, सुकतच नाही, आणि मग लोक म्हणतात माल खराब होता.

तडा भरण्यासारखा आहे का तेही बघावं लागतं. ड्रेनच्या जाळीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा असतील तर त्या बहुतेक वेळा कढत पाण्याच्या असतात, बंबातलं पाणी थेट ओतायचं आणि लगेच गार नळ सोडायचा. नख आडवं ओढा. नख अडकत नसेल तर तडा जेलकोटमध्येच आहे, घासून-भरून निघतो. अडकत असेल तर खाली वाकून बेसिनची मागची बाजू बघा, तिथेही रेष दिसली तर मीच सांगेन की बदला. तेव्हा ग्रॅनाइट टाका, माझी ना नाही.

तुमची कॉमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्या घरी कल्चर्ड मार्बलचंच बेसिन आहे असं कॉमेंटवरून दिसतंय आणि दिवाळीला त्यावर ॲसिड पडतंय. ड्रेनजवळ एकदा नख ओढून बघा आणि काय दिसलं ते खाली लिहा.