हात लागला का नाही, एवढंच सांगा

आधी मला कुणीतरी एकानं सांगा. गोली मोठ्या डीच्या, म्हणजे त्याला बॉल हातात घ्यायची मुभा असते त्या चौकोनाच्या, बाहेर आलाय. बॉल बाहेर आहे. त्यानं हातानं बॉल बाजूला ढकललाय. ज्याला ज्याला डोळे आहेत त्या सगळ्यांनी बघितलंय. मग फ्री किक का नाही? लाल कार्डाचं नंतर भांडू. साधी फ्री किक?

काल रात्रीपासून हेच डोक्यात फिरतंय. सकाळी गॅससमोर उभा असताना दूध उतू गेलं. बायको म्हणाली, लक्ष कुठाय? लक्ष लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमात आहे. 2025 ची एफए कपची फुटबॉल फायनल, आमचं मँचेस्टर सिटी आणि समोर क्रिस्टल पॅलेस. काल एक-शून्यनं हरलो. अजून तिथंच आहे. अर्धा तास व्हायच्या आत मागून लांब बॉल आला, आमचा हालंड सुटला, पॅलेसचा गोली हेंडरसन पुढं आला आणि सरळ हात घातला त्यानं. मी फोनला धरून ओरडलो, "गेला! लाल!" आणि मग ते सुरू झालं. वार. म्हणजे खोलीत बसून व्हिडिओवर रेफ्रीच्या चुका तपासणारे पंच. व्ही-ए-आर वगैरे आम्ही म्हणत बसत नाही, सरळ वार म्हणतो. नाव बरोबर ठेवलंय, वारच करतो आणि तोही पाठीत.

तपासलं, बघितलं, आणि निकाल काय? हालंड गोलाकडं नाही, बाजूला पळत होता, म्हणून गोलाची स्पष्ट संधी नव्हती, म्हणून लाल नाही. बरं, लाल नाही तर नाही. पण हात तर लागला ना? तर म्हणे वारनं फक्त गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच माणसाला कार्ड गेलं असेल तर तेवढंच बघायचं. फ्री किक त्यांच्या कामात बसत नाही. म्हणजे खोलीत बसलेल्या साहेबांना दिसतंय की हात लागलाय, पण लाल नसेल तर तोंडाला कुलूप! कचेरीत म्हणतात ना, "चूक झालीय हे मान्य, पण तो अर्ज ह्या टेबलाला येत नाही," तसलाच प्रकार. आणि पुढचा टेबलवाला जेवायला गेलेला.

बरं, मी हे सगळं कशावर बघत होतो? फोनवर. घरात बेचाळीस इंची टीव्ही आहे, त्याचे हप्ते मी भरलेत. पण टीव्हीसमोर अण्णा. आठवडाभर थांबलेली आयपीएल काल परत सुरू झाली, आणि बंगळुरूत पाऊस. अण्णा साडेसातपासून पाऊस बघत होते. पिचवर कव्हर, कव्हरवर पाणी, स्टँडात कसोटीतनं निवृत्त झालेल्या कोहलीसाठी पांढरे शर्ट घालून भिजत बसलेली पोरं. मी नऊ वाजता म्हणालो, अण्णा, फायनल आहे हो, दोन तास द्या. "थांबंल की पाऊस," एवढंच म्हणाले आणि रिमोट मांडीखाली सरकवला. शेवटी एकही चेंडू न पडता मॅच रद्द झाली. तोवर अण्णांनी ते कव्हर पापणी न हलवता बघितलं. वारला असा माणूस पाहिजे होता, एवढा वेळ घेऊन नीट बघणारा.

आणि फोनवरचं ते लाइव्ह! लाइव्ह कसलं, माझं अर्धं मिनिट मागं. दाजींचं पुढं. दाजी मँचेस्टर युनायटेडवाले, म्हणजे आमच्या सिटीचे पक्के वैरी, बहिणीनं तेवढं सोडून बाकी सगळं बघून लग्न केलं. तर आम्हाला पेनल्टी मिळाली, आमच्या बर्नार्दोला पाडलं म्हणून. मी उकिडवा बसलो. हालंड पुढं येईल म्हणून बघतोय, तर बॉल मार्मूशकडं. का? जानेवारीत आलेलं पोरगं ते, फायनलची पेनल्टी त्याच्या गळ्यात कशाला? गोलं मारायला ठेवलेला सहा फुटी माणूस बाजूला उभा राहून बघतोय! हे मी मनातल्या मनात बडबडत असतानाच वर मेसेज सरकला. दाजी : "अडवली."

माझ्या फोनवर मार्मूश अजून बॉल ठेवत होता.

बॉल ठेवून मागं सरकणारा माणूस बघायचा, आणि तो चुकणार हे आपल्याला आधीच माहीत! कुणी अडवली? हेंडरसननंच. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी जो लाल कार्ड खाऊन आंघोळ करून बसला असता तोच. आणि ज्यानं मेसेज केला त्याला शिवीही देता येत नाही, कारण ते दाजी. "अभिनंदन दाजी, बघितलं" असं टाइप केलं मी. अंगठ्यानं. दात खाऊन.

शिवी द्यायला माणूस लागतो हो. माझं भांडण तिथंच आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर लहानपणापासून बघतोय, रेफ्रीनं चुकीचं दिलं तर अख्खी पेठ उभी राहते, त्याच्या खानदानाची उजळणी होते. पण तो समोर असतो. दोन दिवसांनी कुठंतरी चहाच्या गाडीवर भेटतो आणि म्हणतो, "मला न्हाई दिसलं राव, मधी पोरगं आलं." विषय संपला! नाही दिसलं हे मला चालतं. मलासुद्धा चष्म्याशिवाय गॅसवरचं दूध दिसत नाही. पण तिकडं स्टॉकली पार्कात, वारच्या खोलीत, डझनभर स्क्रीन मांडून, पुढं-मागं करून, थांबवून, मोठं करून बघायचं आणि मग म्हणायचं, दिसलं, पण काही नाही. ह्यावर काय बोलायचं? कुणाला बोलायचं? त्या खोलीला?

वारनं पहिल्यांदा केलं असतं तर सोडून दिलं असतं. 2019 एप्रिल. चॅम्पियन्स लीगची क्वार्टरफायनल, टॉटनहॅमशी. त्यांच्या लोरेंतेचा गोल कमरेला लागून गेला का हाताला, हे आजवर कुणी ठरवू शकलेलं नाही, पण दिला. आणि त्र्याण्णवाव्या मिनिटाला आमच्या स्टर्लिंगनं मारला तेव्हा रात्रीचे सव्वादोन-अडीच झालेले. मी एवढ्या जोरात उडालो की स्टुलावरचा तांब्या खाली, अण्णा जागे, शेजारचं कुत्रं जागं. सेमीफायनल! मग वार. आमचा आग्वेरो ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना बचावाच्या पुढं. मी ओल्या फरशीवर उभा. खरंच ऑफसाइड होता, माहीत आहे मला, पण म्हणून काय झालं? फरशी मीच पुसली.

2023 ची डर्बी, म्हणजे सिटी-युनायटेड. त्यांचा रॅशफर्ड ऑफसाइडमधनं बॉलच्या मागं मागं पळत जातो, आमचा बचाव त्याच्यापायी अडतो, गोली त्याच्याकडं बघत बसतो, मारतो ब्रुनो. आणि गोल मान्य, कारण रॅशफर्डनं बॉलला पाय लावला नाही! दाजी अजून दिवाळीला हे काढतात. "शिवलाच न्हाई की ओ तो." फराळाचं ताट हातात असतं, काय बोलणार?

तसा आमचा लिव्हरपूलवाला मित्र आहे, त्याला हे ऐकवलं की तो एकच विचारतो, एव्हर्टनच्या मैदानावर तुमच्या रोद्रीचा हात बॉलला लागला आणि पेनल्टी दिली नाही, तेव्हा कुठं होतास? मी म्हणतो, झोपलो होतो. रात्री अकराची मॅच होती, जागा होतो. गप्प होतो.

आणि कालचंही सगळं सांगायचं तर सांगतो, नाहीतर कुणीतरी खाली सांगेलच. दुसऱ्या हाफात पॅलेसच्या मुन्योझनं अजून एक घातला होता. दोन-शून्य. मी फोन उशीखाली सारला. मग वार आलं, त्यांचा सार ऑफसाइड, गोल रद्द. मी गादीवर उभा राहून "वार जिंदाबाद!" म्हणून ओरडलो. अण्णांनी पावसावरची नजर न काढता विचारलं, "मघाशी ह्यालाच शिव्या घालत होतास न्हवं?"

हो. ह्यालाच.

आणि पॅलेसच्या एझेचा गोल सोळाव्या मिनिटाला झालेला, म्हणजे त्या हाताच्या आधी. हाताचा आणि त्या गोलाचा काडीचा संबंध नाही. उजवीकडनं बॉल आला, त्यानं वरच्या वर ठोकला, झकास. पाऊण वेळेपेक्षा जास्त बॉल आमच्याकडं होता, वर शेवटी दहा मिनिटं जादा मिळाली, तरी एक गोल निघाला नाही. मागच्या वर्षी हीच फायनल युनायटेडकडनं हरलो, तेव्हा आमच्या ग्वार्दिओलनं डोक्यानं आपल्याच गोलीच्या वरनं बॉल दिला आणि त्यांच्या गार्नाचोला रिकामा गोल मिळाला. तिथं वारला काय बोलणार?

पण मग लोक येतात. "लई जिंकलाय की तुम्ही, एक त्यांना मिळू दे." मिळू दे कशाला? मी काय देवस्थान आहे का प्रसाद वाटायला? त्यांची पहिली मोठी ट्रॉफी, मान्य. शेवटी त्यांचा एक म्हातारा पॅलेसचा मफलर तोंडावर धरून रडताना दाखवला, तो बघून माझाही राग जरा खाली बसायला लागला. म्हणून फोन बंद केला. मला काल रात्री राग हवा होता. आणि ते "इंग्लंडच्या क्लबशी तुझा संबंध काय" म्हणणारे तर माझ्यापुढं येऊच नका. बंगळुरूच्या पावसाशी अण्णांचा काय संबंध होता? तरी तीन तास बसलेच की.

आत्ता दाजींचा फोन येऊन गेला. सांत्वनाला. "तुमचा गोली पण बघा की जरा, नुसतं वारला कशाला धरताय," म्हणाले. ह्यांचं युनायटेड लीगमध्ये खालनं मोजलं तर लवकर सापडतं, आणि हे मला गोली शिकवतायत. मी "होय दाजी" म्हणालो.

बुधवारी बिल्बाओला युनायटेडची युरोपा लीगची फायनल आहे, टॉटनहॅमशी. टॉटनहॅमला मी आयुष्यात कधी पाठिंबा दिला नाही, बुधवारी रात्री देणार आहे. फक्त त्या एका रात्रीपुरता माझा फोन दाजींच्या अर्धं मिनिट पुढं असू दे, अंबाबाईला नारळ फोडतो.