पंधरा तारीख आणि बाजाराचा दिवस

फाल्गुन लागला की माझ्या साइटवरचं बोलणं बदलतं. पावरा आदिवासी मजूर होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या गोष्टी करू लागतात आणि एका सकाळी निम्मं मस्टर (हजेरीपट) रिकामं असतं. होळीला सातपुड्यातला माणूस बाहेरगावी थांबत नाही, थांबूही नये. पण नेमका तोच काळ मार्च एंडचा. 31 तारखेच्या आत काम दाखवा, नाहीतर निधी परत जाईल, असे फोन दिवसभर चालू असतात. इकडे सणाला निघालेल्या माणसाला पै न पै हिशोब चुकता हवा असतो. आणि बिल? एमबी (मोजमापाची वही) लिहून झालेली असते, सह्या झालेल्या असतात, पण एलओसी, म्हणजे पैसे सोडण्याचा वरचा आदेश, आलेली नसते.

मी सोळा वर्षं शिरपूर-चोपडा पट्ट्यात ठेकेदार म्हणून सरकारी बांधकामं करतो. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली तेव्हापासून शाळाखोल्या, संरक्षक भिंती, मोऱ्या, गावातले काँक्रीटचे रस्ते. लहान कामं, लहान माणसं. आज लिहितोय ते मजुरांच्या पैशाबद्दल. आमच्या संघटनेच्या बैठकीत बिलं थकल्याची ओरड होते. ती खरीच आहे, जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन या पाणीयोजनेचं काम करणाऱ्या एका तरुण ठेकेदाराने जीव दिला, ते विसरता येत नाही. पण त्या बैठकीत मजुराचं नाव कोणी काढत नाही.

मागच्या पावसाळ्याआधी एका कामाचं रनिंग बिल (काम चालू असतानाचं) सात महिने अडकलं. मुकादम पारोळ्याकडचा, माझ्याबरोबर आठ वर्षं आहे. संध्याकाळी गाडीजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, सकाय बाजार शे. त्यास्ले बिलनं काय सांगू?" उद्या बाजार आहे, मजुरांना बिलाचं काय सांगू, असं विचारत होता. मी काय सांगणार? आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे मिळाले तर घरात मीठ-मिरची येते, नाहीतर दुकानदाराच्या वहीत उधारी चढते. त्या आठवड्याला वडिलांच्या केळीचे आलेले पैसे मी मजुरीत घातले. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता पीएफ. नियम सरळ आहे: मजुराच्या वेतनातून 12 टक्के, माझे 12 टक्के, आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरणा. कायदा लागायला लागणारी वीस माणसं माझ्याकडे एका वेळी क्वचित असतात, पण पीएफचा कोड नसेल तर टेंडरला पात्रच होत नाही, आणि एकदा कोड घेतला की माणसं कमी झाली तरी कायदा लागूच राहतो. उशीर झाला तर वर्षाला 12 टक्के व्याज, वर दरमहा 1 टक्का दंड. शिवाय मजुराच्या वेतनातून कापलेला वाटा मुदतीनंतर भरला तर आयकरात तो खर्च धरायचा नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये शिक्कामोर्तब केलं. मला हे कडक नियम मान्य आहेत. मजुराचा कापलेला पैसा मी एक दिवसही वापरता कामा नये. पण ज्या कामाचे पैसे मला सात महिने मिळाले नाहीत, त्याचा भरणा मी सातही महिने 15 तारखेच्या आत केला. त्या सात महिन्यांचं व्याज मला कोणी दिलं नाही.

पैसे भरूनही माणसापर्यंत पोचतात का, ते वेगळंच. ऑगस्ट 2025 पासून नवा यूएएन, म्हणजे मजुराचा पीएफ नंबर, उमंग या सरकारी ॲपवर चेहरा दाखवूनच निघतो. आमच्या साइटवर खाली रेंज नव्हती, म्हणून एका बाईंना नव्या स्लॅबवर चढवलं. डोळे मिचकवा, असं ॲप सांगतं. उन्हात त्यांचे डोळे उघडतच नव्हते. पोराने डोक्यावर पाटी धरून सावली केली, तेव्हा चौथ्या वेळी फोटो लागला. मग कळलं की आधारवर एक नाव आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं. जन्मतारीख अर्थातच 1 जानेवारी. बोटांचे ठसे उमटत नाहीत, सिमेंटने बोटं गुळगुळीत झालेली. अकरा जणांपैकी त्या दुपारी पाच जणांचं काम झालं. त्या बाईंनी विचारलं, याआधीच्या ठेकेदारानेही कापले होते, ते कुठे गेले? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे टाळण्याचा सोपा मार्ग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. बिलाला पीएफ भरल्याचं चलन जोडायचं, त्यावर भलतीच नावं असली तरी कोण बघतंय. ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकाने वेतनवाटपाच्या वेळी आपला माणूस हजर ठेवावा आणि त्याने सही करावी, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलं होतं. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते देण्याची जबाबदारीही मूळ मालकावर होती. महाराष्ट्रात 2017 पासून हा कायदा पन्नास किंवा जास्त मजुरांनाच लागू राहिला, त्यामुळे आमच्यासारख्यांची कामं त्यातून सुटलीच. पण मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली उपठेक्याने केलेल्या कामांवरसुद्धा वेतनवाटपाला आलेला अधिकारी मी पाहिलेला नाही. स्लॅबला येतात, काँक्रीटच्या क्यूब टेस्टला येतात.

आणि आपल्यातल्यांनाही सांगतो. टेंडर अंदाजपत्रकापेक्षा 25-30 टक्के बिलो भरणारा ते पैसे कुठून काढतो? सिमेंटवाला त्याला स्वस्त देत नाही, डिझेल स्वस्त मिळत नाही. मजुरी आणि पीएफ एवढंच कापण्यासारखं उरतं. हे सगळ्यांना माहीत असताना सर्वांत खालचा दर मंजूर होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. प्रत्येकाला नेमणूकपत्र, रोजंदारीवाल्याला पाळी संपताच वेतन, आठवड्याने देत असाल तर सुट्टीआधी शेवटच्या दिवशी. म्हणजे बाजाराचा हिशोब आता कायद्यातही आला. त्यापेक्षा महत्त्वाचं वाक्य मला केंद्राने 2020 मध्ये काढलेल्या मसुदा नियमांत सापडलं होतं. माणसं ठेकेदारामार्फत लावली असतील तर काम करून घेणाऱ्याने वेतनाच्या तारखेआधी ठेकेदाराचे पैसे द्यावेत, अशा अर्थाचं. हे वाक्य प्रत्येक सरकारी वर्क ऑर्डरमध्ये छापून आलं पाहिजे. दरसूचीच्या पृथक्करणात मजुरी किती, माल किती हे आधीच वेगळं असतं. तेवढी मजुरी दरमहा वेगळी काढा, थेट मजुरांच्या खात्यात टाका, माझा माल आणि माझा नफा हवं तर मार्चपर्यंत थांबवा.

वेगळं काढणं सरकारला जमत नाही असं कोणी सांगू नका. प्रत्येक बिलातून बांधकाम कामगारांसाठी 1 टक्का सेस (उपकर) बरोबर कापला जातो. एकदाही विसरलेला नाही. ज्यांच्या नावाने तो कापला त्यांना मात्र बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. माझं काम दोन महिन्यांचं, त्यानंतर तो माणूस साक्रीकडे जातो, तिथून उसाला गुजरातेत. दाखला कोण देणार? ग्रामसेवकालाही अधिकार आहे, पण ज्याने काम पाहिलं नाही तो सही कशी करेल? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर देशाचे आकडे आले तेव्हा जमा सेस 37,400 कोटींच्या वर आणि खर्च साधारण 9,500 कोटी होता. त्या जमा रकमेत साक्री, धडगाव, अक्कलकुव्याच्या मजुरांच्या घामाचाही वाटा आहे.

दोन वर्षांपासून मी एक वही ठेवली आहे. नाव, गाव, आधारवर जसं आहे तसं स्पेलिंग, माझ्याकडे भरलेले दिवस. सध्या 41 नावं आहेत. बहुतेकांचे 30 ते 60 दिवस भरलेत, नव्वदला चौघंच पोचले. बाकीचे दिवस तुमच्यापैकी कोणाच्या तरी मस्टरवर आहेत. शिरपूर, चोपडा, शहादा, तळोदा भागात काम करणाऱ्या ठेकेदार बंधूंनो, आपली मस्टरं उघडा आणि मला मेसेज करा. होळीला माणसं घरी जातील तेव्हा ज्यांचे ज्यांचे नव्वद भरतात त्यांच्या हातात दोघा-तिघांच्या सह्यांचे दाखले द्यायचे आहेत. भोंगऱ्याला मी जाणारच आहे, कागद घेऊन जाईन.