पाच स्टार कशाचे?

आज ऑफिसात एक सहकारी कौतुकाने सांगत होता, "काल दाबोळी विमानतळाहून टॅक्सी केली. पर्वरीपर्यंत ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. लगेच पाच स्टार देऊन टाकले!" चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मला राग आला. अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

माणूस गप्प राहिला याचं बक्षीस? झुवारी ओलांडली, मांडवी ओलांडली, आणि एवढ्या वाटेत त्या माणसाचं सगळ्यात मोठं कर्तृत्व काय, तर त्याने तोंड उघडलं नाही!

1986 साली मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होते. म्हापशाहून पणजीला यायचं तर बेतीला उतरून फेरीबोट. रांगा, चिखल, रेटारेटी. त्यात ते दिवस गोव्यातल्या भाषावादाचे. मराठी की कोंकणी यावरून वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांची तोंडं बघेनासे झाले होते आणि आमचं घर कट्टर मराठीवालं. अशात एका शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून परतताना फेरीत आईशेजारी फ्रॉक घातलेली एक ख्रिस्ती बाई उभी राहिली. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, आईकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "बाये, तुज्या गळ्याक सूज दिसता. दोतोराक दाखय गो."

आई चिडली. ओळख ना देख! पण बाईने विषय सोडला नाही. तिच्या बहिणीचं असंच झालं होतं. पणजीचा धक्का येईपर्यंत ती बोलत राहिली. आई डॉक्टरकडे गेली, थायरॉइडची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. आज ती ऐंशीच्या घरात आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते.

तो गळा घरातली सगळी माणसं रोज बघत होती. दिसला तो परक्या बाईला, नदी ओलांडेपर्यंतच्या वेळात.

आणि मला सांगा, त्या दोघी दुसरीकडे कुठे भेटल्या असत्या? आई जत्रेला जाणारी, ती चर्चच्या फेस्ताला. लग्नं वेगळी, वाडे वेगळे, वर्तमानपत्रंसुद्धा वेगळी. एकत्र यायच्या जागा म्हणजे फेरी, बस आणि बाजार. त्याच आपण एकेक करून सोडतोय. आता घरटी दोन स्कूटर आणि एक गाडी. संध्याकाळी उशीर झाला की गावाकडे जायला बस मिळत नाही, मग लोक गाडी घेणार नाहीत तर काय करणार, हे मान्य. पण बसमध्ये बसलेलेही कानात बोंडं घालूनच बसतात. शेजारच्या म्हातारीने "कितें वाजलें गो?" विचारलं तर मोबाइल नुसता तिच्यासमोर धरायचा. एवढा जड झाला शब्द?

हो, "तूं कोणाली?" विचारून जात चाचपणारे असतात आणि बोलायच्या निमित्ताने बायकांना छळणारे पुरुषही असतात. मी बसमध्येच वाढलेय, ते मला कोणी शिकवू नये. त्यांना गप्प करावंच. पण त्यांच्यापायी सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप?

लिहिता लिहिता त्या ड्रायव्हरचंच वाईट वाटायला लागलंय. बोललो तर स्टार कमी होतील म्हणूनही गप्प बसला असेल बिचारा. पूर्वी पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलं की तो हेल्मेटमधून ओरडून ओरडून पावसाचं, मासळीच्या दराचं, आपल्या पोरांच्या शाळेचं सगळं सांगायचा. निम्मं वाऱ्यावर जायचं, पण उतरताना माणूस ओळखीचा झालेला असायचा.

आईने नंतर कितीतरी शुक्रवार त्या बाईला फेरीत शोधलं. ती पुन्हा भेटली नाही. नावही कळलं नाही. 1987 ला कोंकणी राजभाषा झाली तेव्हा आमच्या घरात चूल बंद राहायचीच बाकी होती. बाबा आणि काका 'त्या लोकां'ना तावातावाने नावं ठेवत होते. आई आतून आली आणि एवढंच म्हणाली, "माझा गळा कोणी बघितला ते विसरू नका." त्यानंतर बाबा निदान तिच्यासमोर तरी तसं कधी बोलले नाहीत.

कमेंटमध्ये सुरक्षिततेवर व्याख्यान नको. फेरीत, बसमध्ये, पायलटच्या मागे भेटलेल्या कुणी तुम्हाला काही सांगितलं असेल, जे घरच्यांनी कधी सांगितलं नाही, तर ते लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल.